अडुसष्ट फेऱ्या

जेवढी वर्षं, तेवढे किलोमीटर. हा नियम बाबांनी चाळिशीत स्वतःच काढला आणि स्वतःच पाळला. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण वाढदिवसाला मात्र दुकानाला कुलूप आणि माणूस सायकलवर.

गेल्या वर्षी साठाव्या किलोमीटरला त्यांना भोवळ आली. कुणा अनोळखी बाईचा फोन आला, “तुमचे वडील रस्त्याकडेला बसलेत.” तेव्हा लेकीला आठवा महिना होता. आता मांडीवर दहा महिन्यांची पोर होती, पण तो आवाज कानातून जात नव्हता. बाळ शिंकलं तरी ती वहीत वेळ लिहून ठेवायची.

म्हणून यंदा वाढदिवसाच्या सकाळी, बाबा आंघोळीला गेलेले पाहून, तिने मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढला आणि बाळाच्या औषधांच्या डब्यात लपवला.

बाबा आले. चाक दाबलं, खाली वाकले.

“पंक्चर?” तिने नको तितक्या सहज विचारलं.

“पंक्चर टोपी काढून, व्हॉल्व्ह नेऊन, पुन्हा टोपी लावून जात नाही गं.” ते हसले. “काम सफाईदार आहे. माझ्याच हाताखाली शिकलेलं दिसतंय.”

तिला रडूच फुटलं. “रागवा हवं तर. पण मला पुन्हा तसला फोन नको, बाबा.”

बाबांनी खिशातून कागद काढला. त्यावर पेन्सिलीने चौकोन: घर, बेकरी, शाळेची भिंत, टपालपेटी, पुन्हा घर.

“मोजून एक किलोमीटर. यंदा लांब जायचंच नव्हतं. अडुसष्ट वेळा तुझ्या खिडकीखालून जाणार. चहा घेताना सांगणार होतो, पण तू माझ्याआधीच उद्योगाला लागलीस, चोरटे!”

तिने औषधांचा डबा उघडला.

मग दूध, झोप, ताप लिहायच्या वहीत ती फेऱ्यांच्या रेघा ओढू लागली. खाली घंटा वाजली की बाळ टाळ्या पिटायचं, आणि तिचा अडकलेला श्वास सुटायचा. पंचावन्नावी रेघ झाली. छप्पन्नावी घंटा मात्र येईना. चार मिनिटं. सहा. आठ. बाळाला उचलून, एका पायात आपली आणि एका पायात बाबांची चप्पल घालून ती धावली.

बाबा बेकरीच्या पायरीवर पाणी पीत होते.

“भोवळ आली?”

“नाही. यायच्या आत उतरलो. पाय म्हणाले पुरे. जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं.”

“आणि उरलेल्या तेरा?”

“राहू देत,” बाबा म्हणाले. पण हात हँडलवरून निघत नव्हता.

ते तिने पाहिलं. बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सायकल हातात घेतली.

“अगं, तू? दोन वर्षांत बसली नाहीस!”

“किलोमीटर तुमचे. पाय कुणाचे, हे कुठे ठरलंय?”

सायकल आधी चांगलीच डगमगली. “ब्रेक बघ! वळणावर हळू!” बाबा ओरडले. शाळेच्या भिंतीपाशी तिला वारा लागला, आणि खूप दिवसांनी ती कशाचीच वेळ पाहत नव्हती.

फेरी संपवून ती आली, तर बाबा बाळाला छातीशी धरून, मनगट डोळ्यांजवळ नेऊन रस्त्यातच उभे.

“सहा मिनिटं! कुठे होतीस इतका वेळ?”

ती थांबली नाही. नुसती घंटा वाजवली.