दिवालीबाईची घागर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, पिंप्राळ्यातल्या एका घरात पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी लोखंडी स्टँडवर बसलेला. माझा आवाज फार मोठा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही नाक मुरडायला मोकळे. पण जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे ते माझ्या आवाजाला नावं ठेवत नाहीत. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा हेच लोक दारं लावून माझ्यासमोर आडवे होतात आणि मला दुवा देतात.

माझा जन्म धुळ्याचा. शालिग्राम नावाच्या कारागिराने पत्रा कापून, ठोकून, रिबिटा मारून मला उभं केलं. पहिल्यांदा माझा पंखा फिरला तेव्हा तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा काही लवकर मरायचा नाही!" माझं पहिलं घर तिथल्याच एका वकिलांचं. त्यांची मुलं माझ्या जाळीला तोंड लावून 'आऽऽ' करायची आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून लोळण घ्यायची. ते माझे सुखाचे दिवस. पुढे त्या घरात एसी आला आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. पावसाने टाकी सडली, मांजरीने माझ्या पोटात पिल्लं घातली, आणि एक दिवस भंगारवाल्याने मला हातगाडीवर आडवं केलं.

भंगारातून मला बाहेर काढलं ते जळगावच्या अभिमन मिस्त्रीने. त्याने नवी मोटर बसवली, नवं गवत भरलं, रंग दिला, आणि हितेंद्र पाटलांनी मला घरी आणलं. पण नवा रंग दिला म्हणून जुना गंज जात नाही, बरं का. पहिला उन्हाळाभर मी त्या घरात नुसता गळत होतो. हितेंद्रच्या बायकोने, कामिनीने, माझ्याखाली एक परात सरकवली आणि एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून मी तिच्या बाजूचा.

कामिनी ब्लाउज शिवते. तिचं मशीन माझ्यासमोरच आहे, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते मला तिच्या पायाच्या गतीवरून कळतं. त्या दोघांना मूल नव्हतं. यंदा उन्हाळा तापू लागला तेव्हा धुळ्याच्या बालगृहातून त्यांच्याकडे दोन मुलं आली. उषा अकरा वर्षांची आणि तिचा सख्खा भाऊ विक्रम सहा वर्षांचा. मुलं सातपुड्याच्या पायथ्याची. बाप वेस्ता आधी गेला होता, मग आई दिवालीबाई तापाने गेली. हे बालगृहातल्या बाईंनी कामिनीला सांगितलं होतं आणि कामिनीने माझ्यासमोर बसून फोनवर सासूला सांगितलं.

मला वाटलं, चला, आता आपल्या जाळीत पुन्हा 'आऽऽ' ऐकू येणार. कसचं काय! इतकी शहाणी मुलं मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि त्या शहाणपणाची मला भीतीच वाटली. उजाडायच्या आत अंथरुणाच्या घड्या झालेल्या असत. विक्रम पाणी प्यायचं तरी विचारून पीत असे. जेवण झालं की दोघं आपापलं ताट घासून पालथं घालत. कामिनीने ताट हातातून घेतलं तर उषाचा चेहरा पडे, जणू आपल्या हातून काही गुन्हा झालाय. विक्रमला आंघोळ उषा घाली, त्याचे केस उषा विंचरी, त्याच्या घासावर नजर उषाची. कामिनीने हात पुढे केला की उषा हळूच म्हणे, "राहू द्या, मॅडम."

मॅडम! त्या एका शब्दाने कामिनीची सुई दिवसभर भलतीकडे जाई. संध्याकाळी ती हितेंद्रला म्हणायची, "अहो, मी काय करू तेच मला कळत नाही." हितेंद्र पाइपांच्या कारखान्यातून दमून आलेला असायचा. "होईल गं हळूहळू," तो म्हणायचा. बिचाऱ्याकडे तेवढं एकच वाक्य होतं आणि ते तो सगळ्या दुखण्यांवर लावत असे.

कामिनीने भरीत केलं, कळण्याची भाकरी केली, शेवभाजी केली. उषा निम्मी भाकरी खाई आणि उरलेली ओढणीत गुंडाळून माझ्या स्टँडखाली ठेवी. तिथे मुंग्या लागत. कामिनी रोज काही न बोलता तिथलं झाडून काढायची आणि उषा रोज नवी भाकरी ठेवायची.

मग शेजारच्या वच्छलाबाई मुलं बघायला आल्या. तळहातावर साखर घेऊन आल्या हे खरं, पण जीभ कडू घेऊन आल्या. "कामिनी, लहान बाळ नव्हतं का गं मिळत? मोठी पोरं रुळत नाहीत, बाई. धाकटा होईल तुझा, पण ही पोरगी काही व्हायची नाही." उषा तेव्हा पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. "काकू, चहा घ्या," एवढंच कामिनी म्हणाली. त्या गेल्यावर तिने मला पूर्ण जोरावर लावलं आणि मशीनवर डोकं टेकून रडली. माझ्या घरघरीत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मित्रांनो, माझ्या आवाजाचा त्या घरात सगळ्यांनाच उपयोग होता. कामिनी त्याच्या आडून रडायची, आणि उषा त्याच्या आडून बोलायची. रोज दुपारी ती विक्रमला माझ्या अगदी पुढ्यात झोपवायची. हात-दोन हातांवर कामिनी मशीन चालवत असायची, पण तिला काही ऐकू यायचं नाही. मला यायचं.

"माय कथी शे?" माय कुठे आहे, हे विक्रम रोज विचारायचा.

"सुरतले कामले गयी शे," उषा सांगायची. "काम सरनं का यी."

"कव्हय?" कधी, हा त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला.

"यी ना. तू झोप."

मग ती त्याला सांगायची, की माय तिकडे मोठ्या बंगल्यात भांडी घासते, तिला तिथे रोज भात मिळतो, तुझ्यासाठी तिने लाल चप्पल घेऊन ठेवली आहे. रोज त्यात काही ना काही नवीन असायचं. विक्रम ऐकत ऐकत झोपी जायचा. एकदा त्याने विचारलं, "ह्या बाईले आई म्हनू का?" उषाने त्याला चिमटा काढला. "नको म्हनू. मायले राग यी." विक्रमने मुकाट्याने मान हलवली.

दिवालीबाई या जगात नाही हे कामिनीला ठाऊक होतं. विक्रमला ते ठाऊक नाही, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते फक्त उषाला ठाऊक होतं आणि मला. मी काय करणार? मी घरघरत होतो, वारा सोडत होतो. मला त्याच्याशिवाय काही येत नाही.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्या खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यात पाणी, तोंडावर खरबूज, आंबे आणि रव्याची गोड सांजोरी. मग गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. कामिनीच्या सासूबाई झुंबरबाई त्यासाठी असोद्याहून आल्या. त्यांचे मालक गिरधरआबा गेल्यापासून घागर त्यांच्या नावाने भरली जाते.

या खेपेला कामिनीच्या डोक्यात एक विचार आला. ती सासूला म्हणाली, "आई, मुलांच्या आई-वडिलांचीही घागर भरू या. आपल्याच उंबऱ्यावर."

परक्यांचे पितर आपल्या दारात, हे झुंबरबाईंच्या पचनी पडायला थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "खरं हाये वं पोरी. लेकरं आपल्या घरात, मंग त्याहिच्या मायले पानी दुसरं कोन देईन?"

कामिनीचे डोळे भरून आले. मुलांना आधी सांगायचं नाही असं तिने ठरवलं. आपण उषाच्या आईचं नाव मानाने घेतलेलं पाहून उषा पहिल्यांदा आपल्याकडे नीट बघेल, एवढीच तिची आशा. त्या दिवशी तिचं मशीन कसं पळत होतं! आणि मी तिच्या तोंडावर गार वारा मारण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. अगं, आधी तिला विचार, असं मी माझ्या परीने ओरडत होतो. माझं ओरडणं म्हणजे तीच घरघर.

आखाजीच्या सकाळी तीन घागरी उंबऱ्यापाशी मांडल्या. मुलांनी नवे कपडे घातले होते. विक्रमला खरबुजाचा वास आला होता आणि तो नाचत होता. हितेंद्र हात जोडून बसला, झुंबरबाईंनी कुंकवात बोट बुडवलं. नेमकी तेव्हाच लाईट गेली. माझा पंखा फिरत फिरत थांबला आणि घरात एवढी शांतता झाली की घागरीतून पाझरणारं पाणीही ऐकू आलं असतं.

"गिरधर," झुंबरबाईंनी नाव घेतलं आणि बोट ओढलं. "वेस्ता." पुन्हा बोट ओढलं. "दिवालीबाई."

"पन माय ते सुरतले शे," विक्रम म्हणाला.

झुंबरबाईंना वाटलं, पोराला समजलं नाही. त्यांनी त्याला मायेने जवळ ओढलं. "नाही रे बापा. ही तुह्या मायची घागर. देवाघरी गेलेल्या मानसाले आज पानी मियते."

विक्रमने उषाकडे पाहिलं. उषाने पुढे होऊन ती तिसरी घागर लाथेने उडवली. खापऱ्या झाल्या, पाणी उंबऱ्यावरून वाहत गेलं आणि कुंकू त्याच्याबरोबर गेलं. पितरांची घागर फुटली म्हणून झुंबरबाई मटकन खाली बसल्या. विक्रम बहिणीच्या अंगावर धावून गेला आणि दोन्ही मुठींनी तिला मारत सुटला. "तू खोटी शे! तू खोटं बोलनी!" उषाने हातसुद्धा वर केला नाही. हितेंद्रने त्याला मागे ओढलं. त्या वेळी हितेंद्रजवळ त्याचं ते एक वाक्यही नव्हतं. कामिनी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातली सांजोरी चुरत होती.

त्या दुपारी लाईट आली, पण कामिनीने मला लावलं नाही. खोली भट्टीसारखी तापली होती. उषा कोपऱ्यात आपली पिशवी भरत होती. कामिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"विक्रमला ठेवा तुम्ही," उषा म्हणाली. "तो लहान आहे, रुळेल. मी परत जाते."

"तू कुठे जाणार नाहीस."

"त्या काकू म्हणाल्या होत्या ना."

कामिनीने पिशवीचा बंद धरला. दुसरा बंद उषाच्या हातात होता. "मी तुला आधी विचारायला हवं होतं गं," कामिनी म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"तुम्ही चांगलंच करायला गेलात," उषा म्हणाली. एखाद्या म्हाताऱ्या बाईने समजूत घालावी तशी. मग आई गेली त्या दिवसापासूनचं सगळं, त्या सुरतेच्या गोष्टीसकट, तिने कामिनीला सांगितलं. दोघी पिशवीचे बंद धरून कितीतरी वेळ तशाच बसल्या होत्या. तेवढ्यात विक्रम आतल्या दारात आला. त्याने उषाकडे रोखून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "आई, मला भूक लागली."

ज्या हाकेसाठी कामिनी इतके दिवस झुरत होती ती हाक आली, आणि आली ती उषाला मारायला उचललेल्या दगडासारखी. कामिनीला ती घेताही येईना आणि टाकताही येईना. ती उठली आणि त्याला वाढायला गेली. तेवढ्या वेळात उषाने पिशवी रिकामी केली नाही, पण ती दाराकडेही गेली नाही.

आता आखाजी होऊन काही दिवस झाले. उषा अजून इथे आहे. पिशवी भरलेलीच आहे. विक्रम दिवसातून पन्नासदा "आई, आई" करतो आणि बहिणीशी एक अक्षर बोलत नाही. दुपारी तो आतल्या खोलीत झोपतो. माझ्यासमोर उषा एकटी पडून असते, डोळे उघडे ठेवून. कामिनी त्याला समजावते, हितेंद्र समजावतो. तो कान झाकून घेतो. मोठ्या माणसांनी सगळं आपसात आधीच ठरवलेलं असतं, असं त्याला आता वाटतं.

म्हणून मित्रांनो, मी तुमच्याकडे आलो आहे. लोक मुलांना सांगतात, कूलरला वेळेवर पाणी घाला, गवत बदला, पाऊस लागला की झाकून ठेवा. ते तुम्ही कराल तर बरंच आहे. पण मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. जूनमध्ये शाळा उघडेल. पिंप्राळ्यातल्या एखाद्या वर्गात विक्रम नावाचा एक मुलगा तुमच्या बाकावर येऊन बसेल. तो मोठ्यांचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मला त्याच्याशी बोलता येत नाही, तुम्हाला येतं. त्याच्याशी आधी खेळा, त्याला डब्यातलं द्या, आणि मग एक दिवस त्याला सांगा, की तुझी माय गेली त्या दिवसापासून उषा एकदाही रडलेली नाही. कारण ती रडली असती, तर तुला कळलं असतं.