टेसाच्या पेल्यातलं पाणी

धोक्याची घंटा वाजली तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या डोरीन हॉगलंडच्या टेबलावर टाचणीला खोचलेला मक्याचा पफ जळत होता. त्याच्या वर पाण्याचा डबा, पाण्यात थर्मामीटर. एवढ्याशा खाऊने पाणी तापवलं म्हणून आठवीची पोरं गलका करत होती. एरवी बाकावर मान टाकणारा वायटसुद्धा टाचा उंचावून बघत होता. मग धूर छताला लागला, आणि नॉर्थ डकोटाच्या ऑक्टोबरातल्या बोचऱ्या वाऱ्यात अख्खी शाळा बिनकोटाची मैदानात येऊन उभी राहिली.

"आजपासून वर्गात काडी पेटवायची नाही," प्राचार्य स्टेनरूड म्हणाले. "वरच्या कार्यालयाकडून वजनकाटा आलाय ना? मुलांची वजनं घ्या, आकडे फळ्यावर मांडा. ऊर्जेच्या समतोलाचा धडा झाला."

"तेरा वर्षांच्या मुलींची वजनं फळ्यावर? सर, त्यापेक्षा शाळा पेटलेली परवडली."

स्टेनरूड हसले नाहीत. डोरीनने काटा कपाटात कोंबला आणि चरफडत दुसरा प्रयोग शोधला. विस्तव नको ना, मग पोरांचे हातच घेऊ.

"शरीरातही जाळ असतो, फक्त धूर होत नाही," तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. "नुसतं बसून राहिलात तरी तो चालूच असतो. थर्माकोलच्या पेल्यात गार पाणी घ्या, हात बुडवा, हलवू नका. पाणी किती तापतं बघू."

पोरं चक्क गप्प बसली. वायटचं पाणी सगळ्यांत जास्त चढलं. "भट्टी आहे भट्टी," म्हणत त्याने कॉलर ताठ केली. टेसा ब्रँडवोल्डच्या पेल्यातला पारा मात्र जागचा हलला नव्हता.

"टेसा, तू मेलीबिली नाहीस ना?" वायटने विचारलं. वर्ग खिदळला.

"माझं थर्मामीटर बिघडलंय," टेसा म्हणाली.

"थांब, दुसरं देते," डोरीन म्हणाली. प्रयोग नीट व्हावा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने थर्मामीटर बदललं, पाणी बदललं, सगळ्यांदेखत पुन्हा हात बुडवायला लावला. तेच. मग हात नीट ठेवायला म्हणून तिने टेसाचं मनगट धरलं, आणि धरल्याधरल्या तिला कळलं. बर्फासारखा हात. नखं निळसर. जेवणाच्या सुट्टीत ही मुलगी सफरचंद नुसतं फिरवत बसते, हे महिनाभर दिसत होतं. दिसत होतं, पण तिने पाहिलं नव्हतं.

तास संपल्यावर तिने टेसाला थांबवलं.

"तुम्हीच लिहिलंत ना, बाई?" टेसाने फळ्यावरच्या ठळक ओळीकडे बोट केलं. "खाणं आत कमी, खर्च बाहेर जास्त, की वजन उतरतं. मी तेच करतेय. चुकलं काय माझं?"

"पण कशासाठी?"

"हलकी झाले तर राज्याच्या धावण्याच्या शर्यतीत पहिल्या दहांत येईन. कोच म्हणतात."

डोरीन तडक व्यायामशाळेत गेली. कोच डुफ्रेन पळायचे बूट खोक्यात भरत होते. "मी कुणाला उपाशी राहा म्हटलं नाही. दोन-चार पौंड कमी झाले तर बरं, असं सहज बोललो."

"तुम्ही सहज बोलता. ती सहज ऐकत नाही."

"डोरीन, मी तुला विज्ञान शिकवायला येतो का?"

टेसाच्या आईने फोनवर आधी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कधी नव्हे ती पोर बारीक झालीय, आनंदात आहे. तुमचं काय दुखतंय?" फोन ठेवल्यावर डोरीनला वाटलं, रिसीव्हर भिंतीवर आपटावा. टेसाने तर डोरीनचंच वाक्य तिच्या तोंडावर फेकलं होतं, आणि वाक्य खोटंही नव्हतं. ते अर्धं होतं. ते अर्धं तिनेच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

शेवटी शाळेची नर्स ग्रेटा कामाला आली. तिने टेसाची नाडी बघितली, पुन्हा बघितली आणि आईला सरळ बोलावूनच घेतलं. डॉक्टरांनी पळणं बंद केलं. शर्यत टेसाविना झाली.

सोमवारी टेसा मागच्या बाकावर जाऊन बसली. जाता जाता डोरीनच्या टेबलाशी थांबून हळू म्हणाली, "तुमच्यामुळे." एवढंच.

डोरीनने फळा पुसला. आधी हृदय काढलं, मग मेंदू, मग यकृत, मग अंगातली ऊब, मग वाढणारी हाडं. पळणं अगदी शेवटी, कोपऱ्यात. "शरीराचा खर्च म्हणजे हा सगळा," ती म्हणाली. "हे मी आधी सांगायला हवं होतं."

"हे परीक्षेला आहे का?" वायटने विचारलं. डोरीनच्या बोटांत खडू मोडला.

"मग आत कमी आलं," मागून टेसाचा आवाज आला, भांडायला आल्यासारखा, "तर शरीर आधी काय बंद करतं?"

"आधी हातपाय गार पाडतं. मग मुलींची पाळी थांबवतं. मग हाडांना हात घालतं. हृदयाचे ठोकेसुद्धा मोजूनमापून टाकायला लागतं."

टेसाने बोटं बाह्यांत ओढून घेतली. लिहून मात्र काही घेतलं नाही.

हिवाळाभर ती डॉक्टरांकडे जात राहिली. काही आठवडे बरे गेले, काही अजिबात नाही. आई यायची, पण डोरीनला टाळून. कोचने पुढच्या मोसमासाठी नवी मुलगी हेरली. आणि डोरीन, टेसा जेवली का, हे रोज ग्रेटाला विचारायची, कारण टेसाला विचारायची सोय उरली नव्हती.