वीतभर उघडणारी खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर थोडी आढ्यतेखोर. मनोरुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, उंच मनोऱ्याला लागून माझी जागा. वर निमुळती होत गेलेली दगडी कमान, कमानीत तीन पाकळ्यांचे कोरीव फूल आणि खाली निळी काच. पाथरवटाने माझ्यासाठी दोन महिने छिन्नी चालवली होती. रस्त्याने जाणारे थांबून वर बघत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

माझे एक गुपित मात्र होते. इथे येणारी माणसे आजारी आहेत, त्यांना हा तुरुंग वाटता कामा नये, असे बांधणाऱ्यांचे म्हणणे होते. म्हणून माझ्या चौकटीतल्या पट्ट्या त्यांनी लोखंडाच्या ओतल्या आणि वर लाकडासारखा रंग दिला. माझी झडप वीतभर वर सरके, त्यापुढे नाही. खालून कुणाला हे कळत नसे. हेतू चांगला होता, आणि मलाही ती चलाखी आवडली होती.

एके वर्षी माझ्याजवळच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई आली. तान्हे मूल गेल्यापासून तिने बोलणेच सोडले होते. वर्षभरात ती बरी झाली, वॉर्डातल्या बायकांचे उसवलेले कपडे शिवून देऊ लागली. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या भावाला कळवले, की सही करा आणि बहिणीला घरी न्या. घरच्यांच्या सहीशिवाय कुणाला सोडत नसत.

भाऊ दर रविवारी येई, पण बागेतच उभा राही. भेटल्याने रुग्ण बिथरतात, असे पहिल्या दिवशी त्याला कुणीतरी सांगितले होते आणि ते त्याने मनात धरले होते. सिस्टर तिला सांगत, दादा आलाय. मग ती माझ्या फटीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढून हलवी. खाली उतरून सिस्टरनी एकदा त्याला सहीचे विचारले. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आमच्या दोन खोल्या, सिस्टर. इथं राजवाड्यात राहतेय ती. उगाच कशाला तिचे हाल करू?"

दादा काय म्हणाला, असे तिने विचारले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नेतो म्हणाले. तिने लगेच पिशवी भरून खाटेखाली ठेवली.

ते पुढचे महिने नऊ वर्षे चालले. मग भाऊ यायचा थांबला. तरी सिस्टर रविवारी सांगतच राहिल्या, दादा आलाय, आणि ती रिकाम्या बागेला हात दाखवत राहिली. मी सगळे पाहत होते. मला तोंड असते तर मी गप्प बसले नसते. एका हिवाळ्यात ती तापाने गेली. खाटेखालची पिशवी सिस्टरनीच उचलली.

पुढे रुग्णालय दुसरीकडे हलले आणि इतकी वर्षे माझ्याशी कुणी बोलले नाही. अलीकडे मात्र आम्हाला वारसा म्हणून जपायचे ठरले. एका आर्किटेक्टबाईंनी माझा रंग खरवडला आणि लोकांसाठी दारे उघडली. त्या गर्दीत एक म्हातारा होता. काठी टेकत तो थेट माझ्याकडे आला. त्याने झडप वर सरकवली. ती अडली. त्याने पुन्हा जोर लावला.

बाई कौतुकाने म्हणाल्या, "एवढीच उघडते, आजोबा. लाकूड नाही, लोखंड आहे ते."

त्याने फटीतून हात बाहेर काढला, खाली बघायचा प्रयत्न केला.

"इथून बाग दिसत नाही?"

"नाही. भिंत जाड आहे ना. नुसतं आभाळ दिसतं."

त्याने हात आत घेतला. मग म्हणाला, "मला तिचा हात दिसायचा. वाटायचं, मजेत आहे."

मित्रांनो, आम्हा जुन्या इमारतींना जरूर जपा. पण देखण्या खिडकीखाली उभे राहून, आतले माणूस सुखात आहे असे ठरवून परत फिरू नका. वर जा. आमच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. त्या चढायला त्याला पन्नास वर्षे लागली.