रात्रीची वायर

"ही कापून टोकं बंद करतो," इलेक्ट्रिशियन ग्लिन म्हणाला. हॉलच्या कोपऱ्यात, परवापर्यंत जिथं रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणारा स्टोरेज हीटर होता, तिथं भिंतीतून नुसती वायर बाहेर आली होती.

"थांबा!" सुलक्षणाबाई स्वयंपाकघरातून जवळजवळ धावतच आल्या. "ती मला हवी आहे. तिथं प्लगपॉइंट बसवून द्या."

"वायर चांगलीच आहे, मिसेस सबनीस. पण हिला फक्त रात्री करंट येतो, बारा ते सात. दिवसाच्या लाइनला जोडून देतो."

"नको. मला रात्रच हवी."

ग्लिननं पक्कड खाली ठेवली. अख्ख्या कार्डिफमध्ये त्याच्याकडे आजवर कुणी रात्र मागितली नसावी.

बाईंना रात्र हवी होती दह्यासाठी. विटांनी भरलेल्या त्या धुडानं माणसांना फारशी ऊब कधी दिलीच नाही; संध्याकाळी खरी थंडी पडायची, तेव्हा ते स्वतःच गारठलेलं असायचं. पण रात्री त्यावर टॉवेलात गुंडाळून पातेलं ठेवलं, की सकाळी सुरीनं कापावं असं दही. विरजण लावायचं काम त्यांच्या यजमानांचं, डॉक्टर चंद्रशेखर सबनीसांचं. हॉस्पिटलातून कितीही दमून आले तरी दुधात करंगळी बुडवल्याशिवाय ते झोपायला जात नसत.

फेब्रुवारीत ते गेले. त्या दिवशी घरात जे दही होतं, ते त्यांनीच लावलेलं. त्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवशीच्या दुधात, त्यातलं तिसऱ्या दिवशीच्या. नऊ महिने सुलक्षणाबाईंनी खंड पडू दिला नव्हता. एकट्या बाईला असं कितीसं दही लागतं? पण त्या लावायच्या दोघांपुरतं, आणि उरलेल्याची कढी करून ती तीन दिवस खायच्या.

आई थंडीत एकटी, म्हणून ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या यशोधननं हौसेनं गॅसचं हीटिंग करून दिलं. घर छान उबदार झालं. फक्त रात्री अकराला बॉयलर झोपायचा, आणि सकाळी पातेल्यात दुधाचं दूधच. दुसऱ्या रात्री बाईंनी डॉक्टरांचं पाठ शेकायचं पॅड स्वयंपाकघरातल्या प्लगला लावलं आणि पातेलं त्यावर ठेवलं. हल्ली त्यांचा डोळा पहाटेच लागायचा. उठल्या तेव्हा नऊ वाजले होते, पॅड तापतच होतं, आणि पातेल्यात आंबट पाणी होतं.

आता फ्रिजमध्ये, वाटीच्या तळाशी, जुन्यातलं एक चमचा दही उरलं होतं. म्हणून आपलं आपण सातला बंद होईल असा करंट हवा होता.

ग्लिननं पॉइंट बसवला, त्यावर लाल पेननं 'फक्त रात्री' असं लिहिलं, चहा घेतला आणि गेला.

संध्याकाळी यशोधनचा फोन आला. "आई, ती वायर का ठेवली? नाइट मीटर कॅन्सल करायचा होता ना! शॉपमध्ये दही मिळतो की."

"मिळतं," बाईंनी सवयीनं दुरुस्त केलं. मग मात्र त्यांना राहवेना. "अरे, हे बाबांचं दही आहे. त्यांनी लावलेल्यातलं! हे संपलं की त्यांच्या हातचं या घरात काही उरत नाही रे."

"आय डिडन्ट नो, आई," तो म्हणाला.

झोपण्यापूर्वी बाईंनी दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली आणि तो शेवटचा चमचा त्यात घातला. मग नव्या पॉइंटला पॅड लावून पातेलं त्यावर ठेवलं.

सकाळी सातला त्या जिना उतरल्या. पॅड बंद झालं होतं, पण अजून गरम होतं. झाकण काढून त्यांनी पातेलं हळूच तिरकं केलं, तेवढ्यात फोन वाजला. कामाच्या दिवशी सकाळी यशोधन कधी फोन करत नसे.

"आई, बाबांचा दही लागला का?"

पंचवीस वर्षं त्या त्याचं 'चा' आणि 'चं' दुरुस्त करत आल्या होत्या. कोमट पातेलं त्यांनी पोटाशी धरलं.

"लागला रे," त्या म्हणाल्या. "लागला."