आठवं भय

तुळजापुरात देवीवर बोलावं ते आमच्या घरातल्यांनी, हे मला कुणी शिकवलं नाही, मी तशीच जन्मले. माझे वडील भाऊ, देवीचे पुजारी. मी नववीत, भाषणात दोन वर्षं पहिली. आणि यंदा शाळेच्या संमेलनात देवीवर बोलणार कोण? प्रमोदिनी! जूनमध्ये कळंबहून बदलून आलेल्या कारकुनाची मुलगी!

तिचा मामा दार्जिलिंगला पोस्टात. त्यानं तिबेटातून आलेल्या एका लामाकडून तारादेवीचं चित्र आणि तिच्या मंत्राचा अर्थ मिळवून धाडला. तारा बौद्धांची देवी. हिरवी, एक पाय खाली सोडून बसलेली, हाक मारली की लगेच उठून येता यावं म्हणून. प्रमोदिनीनं वर्गात म्हटलं, "ॐ तारे तुत्तारे तुरे स्वाहा," आणि बाबूराव गुरुजी म्हणाले, "वा! संमेलनात हेच."

मला गुरुजी एवढंच म्हणतात, "शारदे, जरा हळू."

रात्रीची वाटसुद्धा पाहिली नाही. शाळेतून आल्या आल्या विचारलं, "भाऊ, गुरूनं दिल्याशिवाय मंत्र म्हणावा का हो?"

"न्हाय. डोक्यावर उपरणं घेऊन कानात देतात तो."

"आणि लाउडस्पीकरवर?"

"खुळी का काय तू?"

कुठला मंत्र, कुणी म्हणायचा, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना म्हटलं, "भाऊ म्हणतात, उपदेश न घेता मंत्र म्हणू नये." भाऊंचं नाव ऐकून गुरुजी विचारात पडले. "मग मंत्र नको, नुसता अर्थ सांगू. अन् तो तूच सांग. पुजाऱ्याच्या मुलीला कोण नावं ठेवणार?"

प्रमोदिनीनं कागद माझ्या हातात दिला. "जपून हं शारदा, मामाचं अक्षर आहे." भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या शहाणपणाचाही मला लई राग आला.

घरी कागद उघडला. तारे, संसारातून पार नेणारी. तुत्तारे, आठ भयांतून सोडवणारी. तुरे, रोग हरणारी. स्वाहा, हे मनात रुजो. खाली भयं दिली होती, आणि ती सगळी मनातलीच. सिंह म्हणजे गर्व, हत्ती म्हणजे अज्ञान, आग म्हणजे राग. चौथा साप. साप म्हणजे मत्सर. 'दुसऱ्याचं चांगलं दिसलं की हा बिळातून बाहेर येतो.'

मी कागद मिटला. सात सांगितली तर कुणाला कळणार आहे?

संमेलनाला भाऊ पहिल्या रांगेत. मी अशी काही बोलले! चोर, बेड्या, पूर, भुतं, हात करून करून सांगितली. टाळ्या सुरू झाल्या, तोच तिसऱ्या रांगेतून प्रमोदिनी उठली. "गुरुजी, एक भय राहिलं."

मागून कुणीतरी ओरडलं, "पुजाऱ्याच्या हातून प्रसाद पुरा मिळालाय का कधी?" सगळे खदखदून हसले. भाऊ हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते.

माझे कान तापले. "साप राहिला," मी म्हटलं. "साप म्हणजे मत्सर. विसरले नाही, लपवला. हे भाषण प्रमोदिनीचं होतं. भाऊंना मी अर्धंच विचारलं, आणि ते सांगून तिचं काढून घेतलं." मग भाऊंकडे वळले. "भाऊ, ती तारेला हाक मारणार होती. मारू दे का?"

"हाकेला कशाला गुरू लागतो?" भाऊ म्हणाले. "आई राजा उदे उदे आपण काय कुणाला विचारून ओरडतो? ये गं पोरी वर. म्हण."

प्रमोदिनी आली. डोळे मिटून, शांतपणे तिनं मंत्र म्हटला. भाऊंनी हात जोडले. माझ्या भाषणाला त्यांनी कधी हात जोडले नव्हते.

माझा साप पुन्हा जरा वळवळला. मग मीही तिच्याशेजारी उभी राहून मंत्र म्हणू लागले. तिच्यापेक्षा मोठ्यानं.

"शारदे," खालून गुरुजी म्हणाले, "जरा हळू."