वाढवलेल्या दोन झोपड्या

माळावर पाडलेल्या झोपड्यांचे ढिगारे पूर्वीने मोजले. तिने पुन्हा मोजले. अकरा.

गेल्या आठवड्यात तिने स्वतः मोजले, तेव्हा नऊच होते.

गोडाऊनसाठी बाळाराम शेठने जेसीबी लावून आदिवासींच्या झोपड्या पाडल्या आणि वर सरकारला लिहून दिलं की जागा मोकळीच होती. पूर्वी ही धामणकर नाक्यावरच्या साप्ताहिकाची बातमीदार. तिने बातमी केली, पण नऊच्या अकरा करून. दहाच्या वर आकडा गेला की ठाण्याचे कलेक्टर वाचतात, असं तिला वाटलं. गरिबाला जरा झुकतं माप दिलं तर देव थोडाच कोपतो! कलेक्टरांनी वाचलं, आणि आज नायब तहसीलदार पंचनाम्याला येत होते. त्यात झोपड्यांची नोंद झाली, तरच या माणसांना माळावर परत पाय टेकता येणार होता.

"धाकले, हे दोन कुठून आले गं?"

धाकली लाजून हसली. तिची झोपडी पहिलीच पाडली होती. "ताय, तू पेपरात अकरा लिवलंस न? तुजं लिवलेलं खोटं पराला नको, म्हून आमी बायांनी काल दोन ढीग घातलं. कारवी हाय, पेंढा हाय. कोन वलखतंय?"

"काढ गं बाई ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"आता कसं? ती बग गारी आली."

नायब तहसीलदार साहेबांच्या गाडीमागून शेठची गाडीही आली. पांढऱ्या कपड्यातला बाळाराम शेठ सावकाश उतरला. "काय गो पेपरवाली, बातमी लिवतेस का वकिली करतेस?" त्याची माणसं हसली. मग तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "अकरा ना? मोजू दे सायबाला. एक जरी खोटी निघाली ना, तर बाकीच्या पण तूच रचल्यास, असा मी लिवून घेनार."

त्याला ठाऊक होतं. पाडणाऱ्यानेच मोजल्या होत्या ना!

साहेबांनी काठीने पहिल्या ढिगावरचा कूड उचलला. खाली चुलीचे तीन दगड, काजळीने काळे. "एक," ते म्हणाले. सोबतच्या तलाठ्याने लिहिलं. दुसऱ्या ढिगाखाली फुटका माठ आणि चूल. "दोन."

पूर्वीला कळलं, हा माणूस चूल बघतोय. काल घातलेल्या ढिगांखाली चूल कुठून असणार? मनातल्या मनात ती वज्रेश्वरीला हाका मारू लागली, पण काय मागावं तेच सुचेना. साहेबांची नजर चुकू दे म्हणावं, तर ते मागणंच खोटं.

"सात." "आठ." शेठ मिशीतल्या मिशीत हसत मागून चालला होता. धाकली विश्वासाने पूर्वीकडे बघत होती, आणि ते बघणंच तिला सोसवेना.

"नऊ."

काठी दहाव्या ढिगाकडे वळली.

"साहेब, थांबा!" आवाज इतका बारीक निघाला की तिलाच ऐकू आला नाही. ती पुन्हा म्हणाली, "साहेब, झोपड्या नऊच होत्या. अकरा मी लिहिलं. बातमीला वजन यावं म्हणून. हे दोन ढीग त्या खोट्यापायी उभे राहिलेत. दोष माझा, या बायांचा नाही."

"ऐकलंत ना सायेब?" शेठ ओरडला. "खोटारडी हाय! समदा पंचनामा रद्द करा!"

धाकलीचा चेहरा पडला होता. साहेबांनी नवव्या ढिगाखालच्या काळ्या दगडावर बोट फिरवून शेठला दाखवलं. "शेठ, ही काजळी तर हिने लिहिलेली नाही ना? मोकळ्या जागेवर चुली कशा?"

शेठने पान तोंडात घातलं.

"नऊ लिहा," साहेब तलाठ्याला म्हणाले. मग पूर्वीकडे वळले. "यांचे अंगठे आहेतच, पण साक्षीला बाहेरचं माणूस लागेल. उद्या कोर्टात उभं राहावं लागेल. पेपर तुम्हाला कामावर ठेवेल, न ठेवेल. सही करता?"

तिने पेन घेतलं. सही केली.

"खाली पूर्ण पत्ता."

शेठ तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडातल्या पानाचा वास तिला आला. तो कागदावर वाकून वाचू लागला, एकेक अक्षर, सावकाश.

पूर्वीने गल्लीचं नाव लिहिलं. मग खोलीचा नंबरही लिहिला.