एक ठोका मागं

सावळाराम हवालदार टाळ घेऊन उभा राहिला की नरसिंहपुरातली माणसं म्हणत, "सांभाळा रं, पलटण आली!" तुर्कांबरोबरची बसऱ्याची लढाई संपून कैक वर्षं झाली, पण पायातली कवाईत गेली नव्हती. गजरातसुद्धा डावा पाय आधी पडे. ताल मात्र देवाघरचा. आजवर त्याचा एक ठोका चुकला नव्हता, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे.

नृसिंहजयंतीच्या कीर्तनाला बारामतीचे दत्तोबुवा सर्व्हिस मोटारीतून धूळ खात आले, तेव्हा हवालदारानं त्यांना ओसरीवरच गाठलं.

"बुवा, औंदा उत्तररंगात आमच्या रामहरीचं नाव घ्या. चावडीफुडं सरकारनं दगड बसवलाय. गावातनं लढाईला किती गेलं, किती मेलं, एवढंच त्यावर हाय. नाव एकाचं न्हाय. देवाच्या दारात तरी निघू द्या. त्याची आई थकलीया आता."

"घेऊ की! पराक्रम काय केला त्यानं?"

हवालदारानं डोकं खाजवलं. रामहरीचा पराक्रम! ह्याच देवळात तो टाळ धरायचा आणि एक ठोका मागं असायचा. सगळ्यांचं 'राम कृष्ण हरी' होऊन देऊळ गप झालं, की ह्याचा टाळ 'खण्ण' करायचा. पलटणीत तेच. सगळे उजवीकडं वळले की हा सावकाश वळणार. हजेरीला ह्याचं 'हजर' पुढच्या गड्याच्या नावाला यायचं. शिव्या देऊन देऊन सुभेदाराचा घसा बसला. शेवटी तोच म्हणाला, "जाऊ द्या, ह्यो दुश्मनाला बी उशिराच गावंल." झालं उलटंच. माघारीचं बिगूल वाजलं, सगळे वळले, रामहरी एक ठोका मागं वळला. तेवढ्यात गोळी आली.

पलटणीनं आपल्याला पाय जुळवायला शिकवलं, असं हवालदार अभिमानानं सांगे. पण एकटा असला की त्याला नवल वाटे. जुळलेले ते शेकडो पाय कुठं गेले? आठवतो तो एकच, न जुळलेला.

परत आल्यावर रामहरीच्या आईला, ठमाबाईला, त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. म्हातारी डोळे पुशीत हसली होती. "जलमला बी उशिराच. सुईण दमून भिताडाला टेकली, डुलकी काढली, तवा आला."

आताही तिनं बजावलं होतं, "सावळा, बुवाला म्हणावं, माझा हुता तसाच सांगा. त्याचा भीम करायचा न्हाय. न्हायतर मी उठून जाईन बघ."

हवालदारानं हे सगळं बुवांच्या कानावर घातलं. पण टाळ चुकणारा वीर बुवांच्या पचनी पडेना. "बघतो," म्हणून त्यांनी फेटा सारखा केला.

पूर्वरंग काय रंगला म्हणता! प्रल्हादाची ती भोळी हाक ऐकून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग उत्तररंगात बुवा पेटले. "ह्याच मातीतला रामहरी! समोर तुर्कांची फौज, आणि हा वीर सगळ्यांच्या पुढे!"

"कोण?" खांबाला टेकलेली ठमाबाई मोठ्यानं म्हणाली. "माझा? आन फुडं?"

बायकांत खसखस पिकली. बुवांना ती दाद वाटली. त्यांनी आणखी काही तुर्क लोळवले.

"ह्यो दुसऱ्या कुणाचा तरी हाय, बया," म्हणत म्हातारी काठी टेकून उठली आणि दाराकडं निघाली.

हवालदारानं तिला जाताना पाहिलं. ती उंबऱ्याबाहेर गेली, तर रामहरीचं नाव देवळात निघूनही रामहरी बाहेरच राहणार होता. मधेच बोलावं, तर नारदाच्या गादीपुढं तोंड उघडू नये, ही बापाची शिकवण. इतक्यात बुवांनी हात उंचावला, "बोला, राम कृष्ण हरी!"

सगळे टाळ एकदम पडले. हवालदाराचे हात तसेच वर राहिले. देऊळ गप झालं. आणि मग, खण्ण!

"हवालदार, डुलकी लागली का काय?" मृदंगावरचा गेणबा ओरडला. सगळं देऊळ खदखदलं. हवालदाराचे कान लाल झाले, पण मान काही खाली गेली नाही.

उंबऱ्यात काठी थांबली होती.

"आलास का मेल्या," ठमाबाई वळून म्हणाली, "समद्यांचं झाल्यावर!"

बुवा काय समजायचं ते समजले. चिपळ्या खाली करून त्यांनी विचारलं, "माउली, असाच होता का तुमचा रामहरी?"

"आस्साच. कायम मागनं."

"मग मी उगाच त्याला पुढे काढला." बुवांनी आपले तुर्क तिथंच रणात सोडून दिले. "मंडळी, तो मागं राहिलाय. आपण थांबू त्याच्यासाठी. बोला, राम कृष्ण हरी!"

गजर झाला आणि सगळं देऊळ थांबलं. गेणबानं मृदंगावरचे हात उचलून धरले. त्या मोकळ्या जागेत हवालदारानं एकट्यानं टाळ मारला.

ठमाबाई परत खांबाशी येऊन बसली. पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली.

"आजून वाईच मागं, सावळा," ती म्हणाली. "येवढा बी शाना नव्हता त्यो."